पाचव्या मैलावरची सुतळी

माणसं पळवायची ठरली तेव्हा आमच्या चाकणात पहिला प्रश्न निघाला तो असा, की चोरी कशी धरायची.

पाणी कुठे ठेवायचं, कोणाला भोवळ आली तर काय करायचं, हे कोणी विचारलंच नाही. कांद्याचा बाजार आमचा. इथे शेतकऱ्याला वाटतं मापाडी माप मारतो, मापाड्याला वाटतं हमाल पोतं चिरतो, आडत्याला वाटतं सगळेच लबाड, आणि पुण्याच्या व्यापाऱ्याला वाटतं की चाकणाहून निघालेली गोण वाटेत कुठेतरी हलकी होते. यातलं काही काही खरंही असतं, म्हणून तर ही सवय जात नाही.

साल छप्पन. सव्वीस जानेवारीला लांब पल्ल्याची शर्यत घ्यायची, असं आबाजीशेठ आडत्यांच्या मनात आलं. पुण्यात त्यांनी तसलं काहीतरी पाहिलं होतं. बाजारातून निघायचं, तळेगावच्या रस्त्यानं पाचव्या मैलाच्या दगडाला वळसा घालायचा आणि परत बाजारात यायचं. दहा मैल. कोणीही पळावं, कुठल्या गावचा ते विचारणार नाही. पहिल्याला फेटा आणि चांदीचं कडं.

त्यांच्या पेढीवर बैठक बसली. मी बाहेर ओट्यावर गोणी शिवत होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"दगडापाशी चिठ्ठी द्यायची," एक जण म्हणाला.

"आन् एकानं दोन आणल्या तर? भावकीतल्याला वाटंत दिली तर?"

"मग कपाळाला गुलाल लावा."

"गुलाल काय, कनवटीला बांधून न्हेईल."

मग आमचे हे बोलले. हे म्हणजे धर्माजी, बाजारात मापाडी. दिवसभर आकडे ओरडून ओरडून घसा बसलेला, त्यामुळे बैठकीत कमी बोलायचे. "गोणीला काय करतो आपण?" ते म्हणाले. "मनगटाला सुतळी बांधा. गाठ आमच्या हिची."

सगळ्यांनी दारातून माझ्याकडे पाहिलं.

हे नीट सांगायला हवं. गोण भरली की तिचं तोंड दाभणानं शिवायचं आणि शेवटी कोपऱ्यात गाठ मारायची, हे आम्हा बायकांचं काम. मी डावखुरी. लहानपणी आईनं याच हातावर उलथणं मारलं, लग्नानंतर सासूनं या हातानं वाढलेलं ताट परत पाठवलं. बाजारात मात्र हाच हात चालला. जगाच्या गाठीचा पीळ उजवीकडे पडतो, माझ्या गाठीचा डावीकडे. वाटेत कोणी गोण उसवून कांदे काढले आणि पुन्हा शिवली, तर पुण्याचा व्यापारी कोपरा बघूनच म्हणायचा, "ही सारजाबाईची नाही." चौदा वर्षं माझी गोण कोणी उघडून बघितली नव्हती. बाईमाणसाच्या शब्दाला बाजारात काय किंमत असते ते मला माहीत होतं. माझ्या गाठीला होती.

"वहिनी, एका सकाळी तेवीस भाऊ मिळनार तुमाला," एक हमाल म्हणाला. नावं तेवीस आली होती.

"ओवाळणी घालणारे किती, ते सांग आधी," मी म्हटलं.

पण इतक्यावर मिटेल ते चाकण कसलं. माझा पुतण्या हिंदुराव पळणार होता. तालमीतला गडी, गावाची सगळी आशा त्याच्यावर. लगेच खालच्या आळीनं हरकत घेतली: चुलतीच गाठ मारणार म्हटल्यावर काय, पुतण्याला घरीच बांधून देईल! मग ठरलं की खालच्या आळीचा एक माणूस माझ्यावर लक्ष ठेवायला दगडापाशी बसेल. चिमाजीबाबा. साठी उलटलेली, मिशा पांढऱ्या, आणि नजर अशी की तुमच्या ओच्यात काय आहे ते आधी मोजेल.

तर गाठ मी मारायची, माझ्यावर नजर चिमाजीबाबांनी ठेवायची. चिमाजीबाबांवर कोणी ठेवायची, हे विचारायला वेळ उरला नाही.

सकाळी उजाडता उजाडता आम्हा दोघांना बैलगाडीनं दगडापाशी सोडलं. गाडी पुढे खालुंब्र्याला निघून गेली. परतताना घेऊन जातो, गाडीवान म्हणाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांद्याची वाफ्यावाफ्यांची सपाट रानं. दगडापाशी एक बाभूळ. दोनशे पावलांवर ओढा आणि ओढ्याच्या काठाला निवडुंगाची एक जुनी दाट जाळी. बाकी आडोसा म्हणून काही नाही. ही जागा निवडली तीच मुळी त्यासाठी, की लांबून सगळं दिसावं.

मी तेवीस तुकडे पाण्यात भिजवून आणले होते. ओली सुतळी घट्ट बसते. बाभळीच्या फांदीवर ओळीनं टाकले. चिमाजीबाबांनी एकेक बोट लावून मोजले.

"तेवीस."

"तेवीसच आहेत, बाबा."

"म्या कुठं म्हनलं न्हाईत?" ते म्हणाले आणि पुन्हा मोजले.

थंडी चांगली होती. त्यांनी घोंगडीतून कडीचा डबा काढला, त्यात चहा. वाटीत ओतून मला दिला. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "घे. इख न्हाई घातलं." आता यावर नाही कसं म्हणणार? घेतला. मग आणखी एक वाटी. मग त्यांना स्वतःला पुरे झाला म्हणून उरलेलाही मलाच.

"हिंदुराव पयला आला तर गाठ सैल मारू नको," ते म्हणाले.

"सैल मारली तर कोणाचा फायदा?"

"हात मोकळा पडतो."

मी हसले. ते हसले नाहीत.

आठला चाकणाहून तळेगावची मोटार सुटायची, शर्यतही तेव्हाच सुटणार होती. ती आमच्यापुढून धुरळा उडवत गेली, म्हणजे शर्यत सुटून पाव तास होऊन गेला. आबाजीशेठनी हिशेब सांगितला होता: टांगा पाच मैलांना पाऊण तास घेतो, माणूस काही घोडा नाही, तेव्हा नवाच्या आत कोणी येत नाही. हा हिशेब आम्ही दोघांनी गृहीत धरला. कधी कोणाला पाच मैल पळताना आम्ही पाहिलं होतं? चोर सोडला तर चाकणात कोणी इतकं पळत नाही.

आणि मग तो चहा.

हे लिहायला मला इतकी वर्षं अवघड का वाटलं ते आता कळत नाही, पण वाटलं खरं. शर्यत आखणाऱ्या नऊ पुरुषांनी चोरीचे सगळे रस्ते बंद केले होते. सकाळपासून उघड्या रानात उभ्या राहिलेल्या बाईला कुठेतरी जावं लागेल, हे नवांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्या मालकांच्याही नाही.

मी बराच वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. मग म्हटलं, "बाबा, मी जरा आले."

चिमाजीबाबांनी माझ्याकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, आणि सकाळपासून माझ्यावरून न हललेली त्यांची नजर एका क्षणात मातीत गेली. ते उठले. ओढ्याकडे आणि रस्त्याकडे, दोन्हींकडे पाठ करून बांधाच्या पलीकडे तोंड करून बसले. घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. आणि मला कळावं की आपण बघत नाही, म्हणून मोठमोठ्यानं गायला लागले. कुठलंसं भजन होतं. शब्द कळत नव्हते, चाल तर नव्हतीच, पण आवाज असा की ओढ्यातले बगळे उडाले.

मला त्या माणसाची त्या वेळी इतकी माया वाटली! दोनशे पावलं मी त्या गाण्याच्या भरवशावर गेले. निवडुंगात लुगडं अडकलं, ते काट्यांतून सोडवताना वेळ गेला. परत आले तेव्हा रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा. मी जवळ येऊन खोकले, तेव्हा गाणं थांबलं. ते वळले. त्या विषयावर एक शब्दही दोघांनी काढला नाही. सुतळ्याही मोजल्या नाहीत. मोजायला काय झालं होतं?

थोड्याच वेळात ओढ्याच्या वळणावरून हिंदुराव आला. अंगातून वाफा निघत होत्या, तोंड लालबुंद. मी त्याचा हात धरला आणि डाव्या पिळाची गाठ मारली. पुतण्या पहिला, म्हणून गाठ दोनदा ओढून पाहिली.

"काकी," तो धापा टाकत म्हणाला, "म्होरल्याला... कवा बांधलीस?"

"कुठला म्होरला? तूच पहिला."

तो थांबलाच. "आगं, परत जाताना भेटला की मला! ओढ्याच्या पलीकडं! तो पेनशिलीनवाला!"

पिंपरीला पेनिसिलिन बनवणारा नवा कारखाना उभा राहिला होता, तिथल्या सगळ्या कामगारांना आमच्याकडे हेच नाव पडलं होतं. तेवीस नावांत एक नाव तसलं होतं: ज्योतीराम. मराठवाड्यातला, चिंचवडला खोली करून राहणारा. एकटाच परका.

"इथं कोणी आलं नाही," मी म्हटलं.

"न्हाई आलं," चिमाजीबाबा म्हणाले.

हिंदुराव हसला. "म्हंजी चोर ओढ्यातूनच वळला! तरीच म्हनलं, येवढा म्होरं कसा!" आणि तो ती बातमी घेऊन परत पळाला. त्या बातमीनंच त्याच्या पायात बळ आलं असणार.

"परका मानूस," चिमाजीबाबा म्हणाले. "ओढ्यात बसला आसंल दडून."

"सुतळी बाजारातून आणली असेल बांधून," मी म्हटलं.

"आगदी!"

त्या सकाळी आमचं दोघांचं एकमत झालं ते तेवढ्या एका गोष्टीवर.

मग एकेक येत गेले. कोणी पहिल्याच मैलाला जीव खाऊन पळालेला, आता पाय ओढत होता. एकानं बळ येईल म्हणून घरून वाटीभर शिरा खाल्ला होता, तो बाभळीच्या मुळाशी निघाला. पाच जण आलेच नाहीत, वाटेतल्या कोणाच्या खळ्यावर बसले म्हणे. मी एकंदर सतरा मनगटं बांधली. उरलेल्या सुतळ्या पिशवीत टाकल्या. गाडी आली, आणि आम्ही बैलांच्या चालीनं परत निघालो. वाटभर चिमाजीबाबा आणि मी ज्योतीरामालाच नावं ठेवत होतो. अशी वाट लवकर सरते.

बाजारात पोचलो तर चारएकशे माणूस जमलेलं. मधे लिंबाखाली एका उपड्या टोपलीवर तो बसला होता. सावळा, हडकुळा, तिशीच्या आतला. गळ्यात बुटांची जोडी नाड्यांनी अडकवलेली. नवे कॅनव्हासचे बूट. पायाला फोड आले म्हणून दुसऱ्या मैलाला काढून गळ्यात टाकले आणि बाकी सगळं अंतर अनवाणी पळाला, हे मला मागाहून कळलं. तळव्यांतून रक्त येत होतं. ते कोणी बघत नव्हतं. सगळे त्याच्या डाव्या मनगटाकडे बघत होते.

"सारजाबाई आली," कोणी म्हणालं आणि वाट झाली.

आबाजीशेठनी कडं धोतराच्या कनवटीला लावून ठेवलं होतं. "बघ," ते म्हणाले.

मी त्याचा हात हातात घेतला. पीळ उजवीकडे. गाठ वेडीवाकडी, दुहेरी. सुतळीची टोकं कापलेली नव्हती, चावलेली होती.

"ही माझी गाठ नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

गर्दीतून हुर्यो उठली. हिंदुरावाला दोघांनी खांद्यावर घ्यायला सुरुवात केली.

"आवो, पण मी तसं म्हनलंच कुठं?" ज्योतीराम म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी आल्यापासून सांगायलोय यांना. माझी मीच बांधली. तिथं बाई नव्हतीच. दोन-चार हाका मारल्या. सुतळ्या बाभळीला लटकलेल्या दिसल्या. म्हनलं थांबलो तर मागचे गाठतील. येका हातानं आन् दातानं बांधली आन् पळालो."

"बाई जागेवर नव्हती?" आबाजीशेठनी माझ्याकडे पाहिलं. "जागा सोडली होतीस का गं?"

मी तोंड उघडायच्या आत चिमाजीबाबा बोलले. "बाई हालली न्हाई. म्या हुतो की."

त्यांनी ते मातीकडे बघत सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला कळलं, की हा म्हातारा माझ्यासाठी खोटं बोलतोय. चारशे बाप्यांपुढे बाई कुठे गेली होती हे तो मेला तरी सांगणार नव्हता. त्यानं पाठ केली होती ना. मग ती पाठ शेवटपर्यंत तशीच राहणार. आणि तरीही मला वाटत होतं, की मी गेले ते घटकाभरच. तेवढ्यात कोण येऊन जाणार? परका माणूस संधी बघून बोलतोय. कोणीतरी मला ओढ्याकडे जाताना पाहिलं असेल, त्यानं सांगितलं असेल. असं मी स्वतःला पटवत होते.

"येक जन होता," ज्योतीराम म्हणाला. "बांधाकडं तोंड करून. डोक्यावरनं घोंगडं. मोठ्यानं गात होता. म्हनलं राखणदार असंल रानाचा, पाखरं हाकायलाय."

लोक हसून हसून वाकले.

"घोंगडं गात होतं!"

"काय म्हनत हुतं रं घोंगडं? लावनी का?"

"नाही, भजनच व्हतं," तो खाली मान घालून म्हणाला, "पन चाल लागत नव्हती."

मी हसले नाही. चिमाजीबाबांच्या मिशा हलायच्या थांबल्या.

माझा हात पिशवीत गेला. कोणाला दिसू न देता मी बोटांनी सुतळ्या चाचपल्या. तेवीस नेल्या होत्या, सतरा बांधल्या. सहा हव्यात. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा चाचपल्या. पाच.

चाकणात सगळ्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता. चुकून एकानंही माझ्या चहावर घेतला नव्हता.

मी सरळच सांगते, मला लगेच बोलावंसं वाटलं नाही. उलट मनात पहिलं आलं ते असं, की पाचच आहेत हे माझ्याखेरीज कोणाला माहीत आहे? पुतण्या खांद्यावर होता, आमच्या मालकांची छाती भरून आली होती. मी तोंड उघडलं तर कडं जाईल, आणि चौदा वर्षांची गाठही जाईल. आज दगडापासून उठली, उद्या गोणीपासून उठली नसेल कशावरून, असं म्हणायला बाजाराला किती वेळ? आणि उठलीस कशाला, हे विचारतील ते वेगळंच.

ज्योतीरामाबरोबर कारखान्यातले तिघे सोबती आले होते. सकाळी त्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या असतील. आता ते एकेक पाऊल करत त्याच्यापासून लांब सरकत होते, आपण याच्याबरोबरचे नव्हेच अशा बेतानं. त्यानं ते पाहिलं.

"कारखान्यात कळवायला पाहिजे," आबाजीशेठ म्हणाले. "इथे लबाडी करणारा तिथे काय करत नसेल?"

"शेठ, कडं नका देऊ," तो म्हणाला. "पन असं लिहू नका. अजून कायम व्हायचोय मी."

"थांबा," मी म्हटलं.

आवाज मोठा निघाला नाही. पुन्हा म्हणावं लागलं. "थांबा. मी जागा सोडली होती. मी ओढ्याकडे गेले होते."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी भर बाजारात पदर टाकलाय.

"ओढ्याकडं?" आबाजीशेठ म्हणाले. "कशाला?"

चारशे माणूस माझ्या तोंडाकडे बघतंय. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याला निवडुंगाचा काटा तसाच होता.

मागून, गोण्यांच्या थप्पीवरून, ठकुबाईचा आवाज आला. माझ्याच रांगेत शिवायला बसणारी, सत्तरीला टेकलेली, कोणाच्या बापाला न भिणारी. "कशाला म्हंजी? येवढं शेठ झालासा, तुमच्या घरात बायका न्हाईत व्हय? का त्यास्नी देवानं आडवलंय?"

क्षणभर कोणाला कळेना हसावं की काय करावं. मग मागच्या बायकांतून फिस्सकन हसू फुटलं आणि पुढच्या पुरुषांनी माना खाली घातल्या. आबाजीशेठनी फेटा नीट केला. तो नीटच होता.

"आन् तुमी, बाबा?" कोणी चिमाजीबाबांना विचारलं. "तुमी तर हुता?"

"पाठ केली हुती म्या," चिमाजीबाबा म्हणाले. "बाईमानूस गेलं म्हनल्यावर डोळं फाडून बसू काय?" मग थोडं थांबून, "आन् गात हुतो म्याच. चाल लागत न्हाई त्याला म्या काय करू?"

आता तरी संपावं ना? पण आबाजीशेठांच्या डोळ्यांतला संशय गेला नव्हता. जाईल तर ते आबाजीशेठ कसले. मी पिशवी उपडी केली आणि पाच सुतळ्या त्यांच्यापुढे टाकल्या. त्यांनी मोजल्या. सतरा मनगटं मोजली. मग पाचातलीच एक उचलून ज्योतीरामापुढे धरली. "बांध. एका हातानं. उजव्या मनगटाला नको, आहे तिच्याच शेजारी."

त्यानं सुतळी मनगटाखाली धरली, उजव्या हातानं पीळ घातला, एक टोक दातांत पकडलं, मान मागे खेचली, पुन्हा पीळ, आणि उरलेलं चावून तोडलं. लोक वाकून बघत होते. दोन गाठी शेजारी शेजारी, एका आईच्या पोटच्या असाव्यात तशा. वेड्यावाकड्या, दुहेरी.

आबाजीशेठनी कनवटीचं कडं सोडलं. दिलं, पण चोराकडून हस्तगत झालेला माल परत करावा तसं. फेटा बांधायला कोणी पुढे येईना, तेव्हा चिमाजीबाबांनी बांधला. बांधताना त्याच्या कानात काहीतरी म्हणाले. काय ते मला ऐकू आलं नाही. कारखान्याचे तिघे सोबती टाळ्या वाजवत परत जवळ आले होते.

हिंदुराव होळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही. दहा मैल पळून दुसरं येणं सोपं नसतं, आणि दोन तास पहिलं राहून मग दुसरं होणं तर त्याहून वाईट. आमचे हे त्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले, "चारचौघांत सांगायची गरज व्हती का?"

"मग कुठे सांगायचं होतं? तुमच्या कानात? कडं तुमच्या कानात होतं?"

त्यावर त्यांनी भाकरी मोडली. पण चार दिवसांनी ओट्याच्या मागे चार वासे आणि जुन्या तरटांची गुंडाळी दिसली. विचारलं तर म्हणाले, "आसू दे. म्होरल्या वर्साला दगडापाशी लागंल आडोसा." आणि आकडे ओरडायला निघून गेले.

बाजारात व्हायचं ते झालंच. पुढच्याच आठवड्यात पुण्याच्या व्यापाऱ्यानं माझी एक गोण उघडायला लावली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. कांदे काठोकाठ होते. त्यानं मान हलवली, मी गोण पुन्हा शिवली. मग दर खेपेला एखादी उघडू लागले. आधी मला ते फार लागलं. मग सवय झाली. ठकुबाई म्हणाली, "आमच्या तर रोज उघडत्यात. तुला कुठं सोनं लागलं हुतं?" तेही खरंच.

शर्यतीला पंधरा दिवस झाले असतील. सुट्टीच्या दिवशी ज्योतीराम बाजारात आला. पायात बूट; आता जरा मऊ पडलेले दिसत होते. ओट्यापाशी येऊन उभा राहिला आणि डावा हात पुढे केला. दोन्ही सुतळ्या तशाच होत्या. काळ्या पडलेल्या, खालची कातडी सोललेली.

"अरे, काढल्या नाहीस?"

"कशी काढू, बाई? उद्या कुनी म्हनायचं, दाखव गाठ. कारखान्यात दोघांनी मागितलीच बघायला." त्यानं खिशातून कडं काढून दाखवलं. ते घातलं नव्हतं. "तुमीच सोडा. तुमी सोडली म्हंजी मिटलं."

मी चाकू घेतला, तर त्यानं हात मागे ओढला. "कापू नका. सोडा."

मी वाटीतलं पाणी गाठीवर टाकलं आणि नखानं पीळ उकलायला बसले. दातांनी मारलेली गाठ. सहज सुटणारी नव्हती. तो ओट्याच्या कडेला टेकला आणि आपणहून बोलत राहिला. नवे बूट घालून कधी पळू नये. पहिल्या मैलाला लोक ओरडतात म्हणून जोर लावू नये. निघायच्या आधी पाणी ढोसू नये, पोटात डचमळतं. पळताना हात फुगतात, त्यामुळे सुतळी आधी सैल वाटते आणि मग काचते.

"आन् लई पुढं जाऊ नये," तो म्हणाला. "लई पुढं गेलं की साक्षीला कुनी राहत नाही. पुढच्या वर्षी जरा मागनं पळतो."

"मागून नको पळूस," मी म्हटलं. "आम्ही चहा न घेता बसू."

तो पहिल्यांदाच हसला. वरची गाठ सुटली. खालची, शर्यतीतली, फार घट्ट होती. मी मान खाली घालून तिच्यात नख घातलं. समोरच्या पेढीवर आबाजीशेठ गादीवरून अर्धे उठून, चष्मा सावरून, मान उंच करून बघत होते, की ही बाई त्या परक्या माणसाच्या मनगटाशी एवढा वेळ काय करतेय.

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि गाठ सोडत राहिले.